जास्प: कामाच्या ठिकाणच्या नात्यांवरचे संशोधन पारखून घेताना

जास्प हे संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे सॉफ्टवेअर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात एरिक-यान वागेनमाकर्स यांच्या गटाने घडवले असून ते पूर्णपणे विनामूल्य आहे. त्याच्या नावातले पहिले अक्षर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या आडनावाचे आहे. विद्यार्थी ते प्रामुख्याने टी-चाचणी, अनोव्हा, रिग्रेशन अशा नेहमीच्या गणितांसाठी वापरतात आणि त्या वापरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा अभिप्राय मात्र त्यातल्या एकाच विभागाविषयी आहे. मालक आणि कामगार, सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालची माणसे यांच्या संबंधांवरचे जे संशोधन आमच्यासारख्या कारखान्यांपुढे ‘सिद्ध झालेले’ म्हणून ठेवले जाते, त्यातले किती भरवशाचे आहे हे तपासण्यासाठी जास्पचा मेटा-ॲनालिसिसचा, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहण्याचा विभाग मी गेली दोन वर्षे वापरते आहे.

मी नाशिकजवळच्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. काही वर्षांपूर्वी एका सल्लागार संस्थेने आम्हाला सुपरवायझरांसाठीचा एक प्रशिक्षणक्रम दिला. पाळी सुरू होताना सुपरवायझरने प्रत्येक कामगाराशी कसे बोलावे, तक्रार कशी ऐकून घ्यावी, चूक सांगताना कोणते शब्द टाळावेत, असे त्याचे स्वरूप होते. सोबत शोधनिबंधांची एक जाड फाईल होती आणि त्या फाईलमधल्या प्रत्येक निबंधात असल्या प्रशिक्षणाचा उपयोग झालेला होता. मी ती फाईल व्यवस्थापनापुढे ठेवली, युनियनच्या कमिटीपुढेही ठेवली, आणि दोन्हीकडे ठामपणे सांगितले की हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. वर्षभराने गैरहजेरी तेवढीच होती आणि तक्रारवहीही तेवढीच भरत होती. आढावा बैठकीत कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, “ताई, कागदावर सगळीकडे जमलंय, मग आमच्याच खात्यात का नाही जमलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या प्रश्नातला ‘सगळीकडे’ हा शब्द माझ्या मनात राहिला. वीस जागी एक गोष्ट करून पाहिली आणि वीसही जागी ती यशस्वी झाली, असे कारखान्यात कधीच होत नाही. मग फाईलमध्ये ते कसे झाले होते?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जास्पपर्यंत पोहोचले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते आणि उतरवून घेण्यासाठी कुठेही पैसे भरावे लागत नाहीत. आत पडद्याचे दोन भाग दिसतात: डावीकडे पर्यायांची यादी, उजवीकडे निकाल. डावीकडे एखाद्या चौकटीत खूण केली की उजवीकडचा तक्ता तत्काळ बदलतो. मेटा-ॲनालिसिस सुरुवातीला वरच्या पट्टीत दिसत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या अधिक चिन्हावर जाऊन तो विभाग स्वतः चालू करावा लागतो. मला हे कळायला एक संध्याकाळ लागली, म्हणून इथे मुद्दाम नोंदवते.

कामाला लागणारी सामग्री अगदी साधी आहे. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक अभ्यासाची एक ओळ करायची आणि दोन रकाने भरायचे: परिणाम केवढा आढळला आणि त्याची प्रमाण त्रुटी किती, म्हणजे तो आकडा योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतो. आमच्या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात हे उणे एक ते एक या मापात सांगणारा आकडा, देतात. त्याचे फिशरच्या पद्धतीने रूपांतर केले की प्रमाण त्रुटी फक्त नमुन्याच्या आकारावर ठरते: माणसांच्या संख्येतून तीन वजा करा, त्याचे वर्गमूळ काढा आणि एकाला त्याने भागा. चाळीस कामगारांचा अभ्यास असेल तर ती ०.१६ च्या आसपास येते, चारशेंचा असेल तर ०.०५. कॅल्क्युलेटरवर होणारे हे गणित आहे, पण ते स्वतःच्या हाताने करताना मला जे दिसले ते त्याआधी कुठल्याही प्रशिक्षणात कोणी दाखवले नव्हते.

समजा, सुपरवायझरशी असलेले नाते आणि कामगाराचे कामातले समाधान यांचा खरा सहसंबंध ०.१५ आहे, म्हणजे आहे, पण बेताचाच आहे. आता चाळीस कामगारांवर अभ्यास केला, तर पी-मूल्य (नाते मुळीच नसताना एवढा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली जाण्यासाठी, म्हणजे निकाल ‘सार्थक’ ठरण्यासाठी, गुणांक किमान ०.३१ यावा लागतो. खरे नाते ०.१५ चे असताना निव्वळ योगायोगाने ०.३१ किंवा त्याहून जास्त आकडा येण्याची शक्यता साधारण सातात एक. उरलेल्या सहा संशोधकांच्या हाती ‘काहीच सापडले नाही’ असा निकाल येतो, तो निबंध नियतकालिके सहसा घेत नाहीत, किंवा संशोधक स्वतःच तो लिहायला घेत नाही, आणि कागद टेबलाच्या खणात जातात. जो सातवा छापला जातो त्यातला आकडा खऱ्या आकड्याच्या दुपटीहून मोठा असतो. या सातव्या माणसाने कोणतीही लबाडी केलेली नाही. त्याचा निबंध प्रामाणिक आहे. पण फक्त सातवे निबंध गोळा करून बांधलेली फाईल प्रामाणिक राहत नाही. चारशे कामगारांच्या अभ्यासात हा उंबरठा ०.१० च्या जवळ येतो, त्यामुळे तिथे खरा लहान आकडाही छापला जाऊ शकतो.

जास्पमध्ये फनेल प्लॉटच्या, म्हणजे नरसाळे-आलेखाच्या चौकटीत खूण केली की हेच सारे चित्ररूपाने समोर येते. आडव्या अक्षावर परिणाम, उभ्या अक्षावर प्रमाण त्रुटी, आणि शून्य त्रुटी वरच्या टोकाला. मोठे, नेमके अभ्यास वर एकमेकांच्या जवळ असतात, छोटे अभ्यास खाली दोन्ही बाजूंना पसरतात, आणि सगळे निकाल बाहेर आलेले असतील तर उलटे ठेवलेले नरसाळे दिसते. मी आमच्या फाईलमधले अभ्यास भरले तेव्हा वरचे दोनतीन ठिपके शून्याच्या थोडे उजवीकडे होते, आणि खाली उतरत जावे तसे बाकीचे उजवीकडे सरकत गेले होते. डावीकडचा तळ पूर्ण मोकळा होता. ज्या जागी ‘चाळीस माणसांवर करून पाहिले, उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे ठिपके असायला हवे होते, तिथे एकही ठिपका नव्हता. त्या रात्री मला वाचलेल्या निबंधांइतकीच न वाचलेल्या निबंधांची जाणीव पहिल्यांदा झाली.

ही गोष्ट संशोधकांना नवी नाही. स्टर्लिंग यांनी १९५९ मध्येच दाखवले होते की मानसशास्त्राच्या चार नियतकालिकांतल्या, सार्थकतेची चाचणी वापरणाऱ्या निबंधांपैकी सुमारे ९७ टक्के निबंध आपले म्हणणे सिद्ध झाल्याचे सांगत होते. रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ मध्ये या दोषाला फाईल ठेवण्याच्या खणाचेच नाव दिले. व्यवस्थापनशास्त्रात ओ'बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४२ पीएच.डी. प्रबंध घेतले आणि त्या प्रबंधांतूनच पुढे नियतकालिकांत आलेल्या निबंधांशी ते ताडून पाहिले. प्रबंधांत सिद्ध झालेली आणि न झालेली गृहीतके यांचे प्रमाण ०.८२ ला १ होते, छापील निबंधांत ते १.९४ ला १ झाले. वाटेत काय घडले? सिद्ध न झालेली गृहीतके गळाली, नवी घातली गेली, काही ठिकाणी माहितीतल्या नोंदी बदलल्या किंवा वगळल्या गेल्या. सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसा हा बदल असल्यामुळे त्यांनी या प्रकाराला कोशाचे नाव दिले आहे. इथे खणात गेलेला कागद कोणाचाच नव्हता. तोच कागद धुऊन-इस्त्री करून बाहेर आला. मला हे पहिल्या प्रकारापेक्षा अधिक काळजीचे वाटते, कारण वाचणाऱ्याच्या हाती मूळ प्रबंध नसेल तर तो ओळखण्याचा मार्ग राहत नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावा २०२१ मध्ये आला. काही नियतकालिके आता माहिती गोळा होण्यापूर्वीच प्रश्न आणि पद्धत पाहून निबंध स्वीकारतात. निकाल कोणताही आला तरी तो छापला जातो. शील आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले असे निबंध आणि नेहमीच्या वाटेने आलेले निबंध यांची तुलना केली. नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक ९६ टक्के वेळा सिद्ध झाले होते, आधी नोंदवलेल्यांत ४४ टक्के वेळा. युनियनच्या त्या सभासदांना मी हे दोन आकडे नंतर दाखवले. त्यांनी कागद हातात धरून दोनदा वाचला.

आता जास्प यावर काय करते ते पाहू. मोकळी जागा दाखवणे एवढ्यावर ते थांबत नाही; खणात गेलेले निबंध गृहीत धरले तर खरा परिणाम किती उरेल, याचा अंदाज ते तीन निरनिराळ्या वाटांनी देते. पेट-पीज नावाच्या पद्धतीत ठिपक्यांमधून रेषा ओढून ती प्रमाण त्रुटी शून्य असलेल्या टोकापर्यंत नेली जाते, म्हणजे अनंत मोठ्या नमुन्यात काय आढळले असते असा प्रश्न विचारला जातो. सिलेक्शन मॉडेल या दुसऱ्या वाटेत पी-मूल्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर निबंध छापला जाण्याची शक्यता किती हे अजमावून त्यानुसार वजने दिली जातात. तिसरी वाट बेझच्या, म्हणजे आधीचा अंदाज नव्या माहितीने सुधारत नेण्याच्या विचारपद्धतीवरची आहे. तिचे नाव रोबमा, आणि ती फ्रान्टिशेक बार्तोश व सहकाऱ्यांची देणगी आहे. परिणाम आहे किंवा नाही, अभ्यासांत खरी भिन्नता आहे किंवा नाही, पक्षपात (सोयीचेच निकाल छापले जाणे) आहे किंवा नाही आणि असल्यास कोणत्या प्रकारचा, अशा शक्यतांची ३६ प्रतिमाने ती एकत्र चालवते आणि माहितीशी जे जितके जुळते त्याला तितके महत्त्व देऊन सरासरी काढते. कोणत्या एका पद्धतीवर भिस्त ठेवायची हा निर्णय माझ्यासारख्या, संख्याशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला घ्यावा लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आमच्या फाईलच्या बाबतीत तिन्ही वाटांचे आकडे वेगवेगळे आले, पण सगळे साध्या सरासरीपेक्षा बरेच खाली होते, आणि रोबमाच्या अंतरालात, म्हणजे खरा आकडा जिथे असण्याची दाट शक्यता आहे त्या पट्ट्यात, शून्य आरामात बसत होते.

हे सुधारलेले आकडे किती गांभीर्याने घ्यावेत, असे मला विचारले गेले आहे. त्याचे उत्तर कामगार-क्षेत्रातल्याच एका जुन्या वादात आहे. किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, हे विधान अमेरिकेत अनेक अभ्यासांच्या आधारे मांडले जात असे. अर्थशास्त्रज्ञ कार्ड आणि क्रूगर यांनी १९९५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली: वर्षे जातात तशी माहितीची मालिका लांबते, म्हणून परिणाम खरा असेल तर टी-मूल्य (परिणाम आपल्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा) हळूहळू वाढायला हवे, पण प्रकाशित अभ्यासांत ते वाढत नव्हते, सार्थकतेच्या उंबरठ्यावरच्या दोनच्या आसपास घुटमळत होते. पुढे डुकुलियागोस आणि स्टॅनली यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या ६४ अभ्यासांमधले १,४७४ अंदाज एकत्र केले आणि प्रकाशनातला पक्षपात वजा केला, तेव्हा किमान वेतन आणि रोजगार यांच्यात उलट नाते असल्याचा पुरावा जवळजवळ उरला नाही. हा निबंध औद्योगिक संबंधांच्याच ब्रिटिश नियतकालिकात छापला गेला. प्रश्न लाखो माणसांच्या पगाराचा होता. नरसाळ्याची मोकळी बाजू ही केवळ विद्वानांच्या चर्चेची बाब नाही, असे मी जेव्हा म्हणते तेव्हा हे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे असते.

तरीही जास्पच्या निकालाला निवाडा मानू नये, आणि त्याची कारणे या साधनाच्या मर्यादांतच आहेत.

पहिली मर्यादा: गिरणी धान्य निवडून देत नाही, तसे जास्पही प्रमाण त्रुटी तपासून घेत नाही. आपण जी भरतो ती ते खरी धरते. कारखान्यातल्या अभ्यासांत ही त्रुटी बहुधा खऱ्यापेक्षा लहान छापलेली असते. दहा सुपरवायझर, प्रत्येकाच्या हाताखाली बारा कामगार, मिळून एकशेवीस जणांनी प्रश्नावली भरली असे समजा. एकाच सुपरवायझरच्या बारा जणांची उत्तरे एकमेकांसारखी असतात, कारण ते एकाच माणसाविषयी बोलत असतात. गटातले हे साम्य ०.२ एवढे जरी असले, तरी त्या एकशेवीस उत्तरांतली माहिती जेमतेम सदतीस-अडतीस स्वतंत्र माणसांइतकी उरते. ०.२० चा गुणांक एकशेवीस जणांच्या हिशेबात सार्थक ठरतो. अडतीसच्या हिशेबात ०.३२ लागला असता. निबंधात गटांचा विचार केलेला नसेल तर मी हल्ली नमुन्याचा आकार असा घटवूनच रकाना भरते. जास्पने या ठिकाणी एखादी सूचना दिली असती तर बरे झाले असते, कारण नवखा वापरकर्ता निबंधात छापलेला आकडा जसाच्या तसा उतरवणार हे उघड आहे.

दुसरी मर्यादा मोजमापाच्या विश्वासार्हतेची आहे. समाधान किंवा विश्वास प्रश्नावलीने मोजताना मापात चूक राहतेच, आणि त्या चुकीमुळे दोन गोष्टींमधले नाते खऱ्यापेक्षा फिकट दिसते. म्हणून या क्षेत्रात आकडा ‘दुरुस्त’ करण्याची रीत आहे. जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३१२ नमुने, म्हणजे ५४,४१७ माणसे एकत्र करून कामातले समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३० असल्याचे सांगितले, आणि हा आकडा आज प्रत्येक सादरीकरणात असतो. दुरुस्तीपूर्वी तो ०.१८ होता. दोन वरिष्ठांनी एकाच माणसाला दिलेल्या गुणांची जुळणी ०.५२ एवढीच धरल्यामुळे दुरुस्ती इतकी मोठी झाली. दुरुस्ती चूक होती असे मी म्हणत नाही. सिद्धांतासाठी ती योग्य असेलही. पण समाधान वाढवून कामगिरी किती वाढेल असे विचारणाऱ्या कारखान्याला ०.१८ हा आकडाही कळला पाहिजे. जास्पमध्ये विश्वासार्हतेचा वेगळा विभाग आहे, त्यात क्रॉनबाख अल्फा आणि मॅकडोनाल्ड ओमेगा हे प्रश्नावली किती भरवशाची आहे ते सांगणारे आकडे विश्वास-अंतरालांसह मिळतात. आमच्या स्वतःच्या प्रश्नावलीसाठी मी तो वापरते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. नरसाळे एका बाजूला कलले म्हणजे निबंध दडवले गेलेच, असे नाही. छोट्या अभ्यासांत परिणाम खरोखरच मोठा असू शकतो. याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या परिसरातल्या १७ कापड उत्पादक कंपन्यांमध्ये प्रयोग केला. प्रयोगात घेतलेल्या त्यांच्या २० कारखान्यांपैकी १४ ना व्यवस्थापन सुधारण्यासाठी सल्लागारांची पूर्ण मदत दिली, ६ ना तुलनेसाठी ठेवले. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. वीस कारखान्यांचा हा अभ्यास आलेखात खालीच येणार आणि उजवीकडेच येणार. पण इथे सल्लागार एक महिना पाहणीसाठी आणि पुढे चार महिने प्रत्यक्ष बदल घडवण्यासाठी कारखान्यात होते. एवढी घनदाट मदत शेकडो कारखान्यांना देणे शक्यच नव्हते. छोटा नमुना आणि मोठा परिणाम यांचे कारण इथे एकच होते, आणि त्यात खणाचा संबंध नव्हता. लेखकांनी नमुना लहान असल्याचे न लपवता त्याला साजेशा चाचण्या वापरल्या, आणि सुमारे नऊ वर्षांनी ते परत त्याच कारखान्यांत गेले. तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या, तरी मदत मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक टिकून होता. असा मागोवा घेणारे संशोधन आमच्या फाईलमध्ये एकही नव्हते. तेव्हा कललेले नरसाळे दिसले की प्रत्येक खालचा ठिपका उघडून वाचावा लागतो, आणि ते काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देणार नाही.

अभ्यास दहाहून कमी असतील तर पक्षपाताच्या चाचण्यांवर विसंबू नये, ही सर्वमान्य सूचना मीही पाळते. उलट अभ्यास भरपूर असले म्हणून मेटा-ॲनालिसिस आपोआप खरे ठरत नाही: २०२० मध्ये क्वार्वेन आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातली १५ मेटा-ॲनालिसिस त्याच प्रश्नांवर अनेक प्रयोगशाळांनी आधी नोंदवून केलेल्या पुनरावृत्तींशी ताडली, तेव्हा मेटा-ॲनालिसिसमधले परिणाम जवळजवळ तिपटीने मोठे निघाले.

जास्पमध्ये आकडे भरण्याआधी आणखी दोन तपासण्या करण्याची सवय मी लावून घेतली आहे. मिशेल नॉइटेन आणि साशा एप्सकाम्प यांचे स्टॅटचेक हे विनामूल्य साधन निबंधाची पीडीएफ घेऊन त्यातले टी-मूल्य, मुक्ततेचे अंश (नमुन्याच्या आकारावरून ठरणारा आकडा) आणि पी-मूल्य एकमेकांशी जुळतात का ते पाहते. ३८ अंशांवर टी १.९८ असेल तर पी ०.०५५ च्या आसपास येते, निबंधात ०.०५ पेक्षा कमी लिहिले असेल तर स्टॅटचेक त्यावर बोट ठेवते. त्यांनीच २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मानसशास्त्राच्या ज्या निबंधांची अशी तपासणी झाली त्यांतल्या निम्म्यांत किमान एक विसंगती होती, आणि आठात एका निबंधात ती निष्कर्ष बदलू शकेल एवढी होती. दुसरी तपासणी ग्रिम नावाची, निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांची, आणि ती कागदावर होते. अठ्ठावीस कामगारांनी एक ते पाच यांतला एक पूर्ण आकडा दिला आणि सरासरी ३.१९ छापली आहे, तर ती अशक्य आहे: बेरीज ८९ असेल तर सरासरी ३.१८ येते, ९० असेल तर ३.२१. मधला आकडा येऊच शकत नाही. छपाईची चूक असेल, दोघांनी उत्तरे दिली नसतील, कारण काहीही असो. पण तो आकडा मेटा-ॲनालिसिसमध्ये घालण्यापूर्वी लेखकाला विचारले पाहिजे.

जास्पविषयीच्या उरलेल्या तक्रारी थोडक्यात सांगते. मी ते इंग्रजीतच वापरते आणि संज्ञांचा भडिमार पहिल्या आठवड्यात दमवतो. रोबमा माझ्या जुन्या लॅपटॉपवर सावकाश चालते. विश्लेषण सुरू करून मी चहा ठेवते. आवृत्ती बदलली की पर्यायांच्या जागा बदलतात, त्यामुळे शिकवणीचे जुने व्हिडिओ समोरच्या पडद्याशी जुळत नाहीत. आणि एक तक्रार गंभीर आहे. चौकटीतली खूण काढली की तो निकाल नाहीसा होतो. जतन केलेल्या फाईलमध्ये माहिती, पर्याय आणि निकाल एकत्र राहतात ही मोठी सोय आहे, पण मी वाटेत काय काय करून पाहिले आणि काय पुसले, याची नोंद तिच्यात राहत नाही. पाच पद्धती चालवून सोयीची एक ठेवणे इथे अतिशय सोपे आहे, आणि मग पक्षपात शोधायला घेतलेल्या साधनानेच नवा पक्षपात तयार होईल. म्हणून कोणते अभ्यास घेणार, कोणते वगळणार आणि कोणत्या पद्धती चालवणार हे मी आधी वहीत तारीख घालून लिहिते, आणि त्याप्रमाणे आलेले सगळे निकाल ठेवते.

पैशाच्या बाजूने पाहिले तर तुलनाच नाही. एसपीएसएस या विकतच्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मेटा-ॲनालिसिस २०२१ च्या २८ व्या आवृत्तीपासून आले आणि त्याचा परवाना छोट्या कारखान्याला किंवा तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडणारा नाही. आर ही भाषा विनामूल्य आहे आणि जास्पची बरीच यंत्रणा तिच्यावरच उभी आहे, पण तिथे आज्ञा लिहाव्या लागतात. कामगार कल्याणाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांनी, कामगार संघटनांच्या संशोधन विभागांनी आणि सल्लागारांची फाईल हाती येणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने हे साधन बाळगावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे. पाच तारे देत नाही, चार देते. त्रुटींच्या रकान्यावर सूचना आणि पुसलेल्या निकालांची नोंद, या दोन गोष्टी झाल्या तर पाचवाही देईन.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या टेबलाचा खण उघडला. प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर भरून घेतलेल्या आमच्या प्रश्नावल्या त्यात दोन गठ्ठ्यांत बांधून ठेवलेल्या होत्या. फरक पडला नाही म्हणून त्यांचा अहवाल कोणी मागितला नव्हता आणि मीही लिहिला नव्हता. मी त्या मोजल्या, खात्यांच्या गटांचा विचार करून त्रुटी काढली आणि तक्त्यात एक ओळ वाढवली. ठिपका शून्याच्या किंचित डावीकडे, बराच खाली, त्या मोकळ्या जागेत जाऊन पडला. एका ठिपक्याने सरासरी फारशी हलली नाही. व्यवस्थापनाची आणि कमिटीची परवानगी घेऊन, कारखान्याचे नाव काढून, ती ओळ आणि मोजणीची पद्धत मी आता शेजारच्या दोन कारखान्यांतल्या सहकाऱ्यांना पाठवली आहे. त्यांनीही हाच प्रशिक्षणक्रम घेतला होता. एकीचे उत्तर आले आहे: तिच्याकडेही गठ्ठा आहे.